प्लाझासमोरचा रस्ता

दादर एके काळी मुंबईचं उपनगर होतं, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. १८९६ साली प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांतून माणसं मोकळ्या हवेत न्यायची म्हणून सुधार ट्रस्ट नेमला गेला आणि त्या ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या जमिनीवर रुंद, सरळ रस्ते आखले. पुढचा इतिहास दादरकरांना पाठ आहे: हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, दोन रेल्वेंची दोन स्टेशनं, फाळक्यांनी इथल्या मुख्य रस्त्यावर घडवलेला ‘राजा हरिश्चंद्र’, १९६४च्या ३१ मार्चला बोरीबंदरहून आलेली शेवटची ट्राम. मी गेलो होतो तो पश्चिमेचा बाजार पाहायला. टिळक पूल उतरल्यावर प्लाझा थिएटरपासून सुरू होणारा, रानडे रोडला वळसा घालून कबुतरखान्याकडे जाणारा.

या बाजाराची गंमत अशी, की इथं खरेदी, खाणं आणि करमणूक कधी वेगवेगळी नव्हती. भवानी शंकर रोडला राहणाऱ्या एक आजी भेटल्या. सहा दशकं त्या इथं आहेत. त्यांनी तो क्रम मला नीट लावून दिला. “अहो, आम्ही नुसत्या साडीसाठी कधी बाहेर पडलोच नाही. दुपारी निघायचं. आधी मॅचिंग सेंटरात ब्लाउजपीस, मग साडी पिको-फॉलला टाकायची. नाटकाला तासभर असायचा, तेवढ्यात बटाटेवडा आणि चहा. हे ऑफिसातून परस्पर यायचे. मग नाटक. आणि साडी परत घ्यायला दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुन्हा एक फेरी!” नणंदेच्या लग्नाचा बस्ता रानडे रोडला बांधला तेव्हा दुकानदाराने सगळ्या बायकांना गादीवर बसवून दोन वेळा चहा पाजला, ही आठवण त्या अजून अभिमानाने सांगतात. तशी गादीची दुकानं आहेत अजून. पण एका विक्रेत्याने सांगितलं, की आता मुली फोनवर फोटो दाखवतात आणि “हीच आहे का?” एवढंच विचारतात. उलगडून दाखवायला त्याचे हात शिवशिवतात, पण पाहायला कुणी थांबत नाही.

पडद्याचं वैभव तर या भागाने भरभरून पाहिलं. इथं प्लाझा आणि कोहिनूर, पलीकडे पूर्वेला चित्रा, शारदा, ब्रॉडवे, हिंदमाता. प्लाझा म्हणजे व्ही. शांताराम, हे समीकरण जुन्या दादरकराच्या मनात पक्कं आहे. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांत याच प्लाझाला मोठी इजा झाली. तरी ते पुन्हा उभं राहिलं आणि बसच्या थांब्यापासून टॅक्सीवाल्याच्या हाकेपर्यंत रस्त्याची ओळख तेच राहिलं. चित्रा २०१९ साली बंद झालं. कोहिनूरच्या जागी मॉल आला.

कोहिनूरची गोष्ट मात्र इथं चालताना प्रत्येकाकडून ऐकायला मिळते, आणि ती ऐकावी अशीच आहे. दादा कोंडके इथून हाकेच्या अंतरावरच्या नायगावचे. गिरणगावातलं बालपण, अपना बाजारातली नोकरी, बँड पथक, सेवादलाचं कलापथक असं करत करत ते वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’पर्यंत पोहोचले. त्या वगाने त्यांना घरोघरी नेलं. मग त्यांनी स्वतःचा पैसा घालून ‘सोंगाड्या’ काढला. लेखन पुन्हा सबनिसांचंच, नायिका उषा चव्हाण. १९७१ साली चित्रपट कोहिनूरला लागायचा होता, आणि थिएटरमालकाला मात्र देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ हवा होता. कोंडके बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. शिवसैनिक कोहिनूरसमोर जमले आणि ‘सोंगाड्या’ लागला. पुढे तो किती चालला हे मराठी माणसाला सांगायला नको. मराठी पडद्याच्या इतिहासात हा प्रसंग दोन ओळींत येतो. या रस्त्यावर उभं राहिलं म्हणजे कळतं, की भांडण एका सिनेमागृहापुरतं नव्हतं. नायगावच्या पोराचा सिनेमा दादरच्या मुख्य रस्त्यावर लागतो की नाही, हा प्रश्न होता. त्या जागी एखादा फलक तरी हवा. मॉलमध्ये शिरणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला हे सांगणार कोण?

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो शिवाजी मंदिरात. १९६५ साली हे नाट्यगृह उभं राहिलं आणि मराठी व्यावसायिक नाटकाचं हक्काचं घर झालं. त्याच इमारतीत मॅजेस्टिकचं पुस्तकांचं दुकान. नाटकाआधी अर्धा तास पुस्तकं चाळायची सवय कित्येकांना इथंच लागली. तिकीटखिडकीशी रेंगाळत असताना एका निवृत्त गृहस्थांशी ओळख झाली. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं नाटकांच्या बुकिंगवर काढली. आता फक्त ओळखीच्यांना भेटायला येतात. नाव छापू नका, म्हणाले.

त्यांनी मला ‘प्लॅन’ समजावून सांगितला. संगणक यायच्या आधी प्रत्येक प्रयोगाचा एक छापील कागद असायचा. वर रंगमंच, खाली खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक चौकोनात आकडा. जाहिरातीत दिलेल्या दिवशी सकाळी खिडकी उघडायची तेव्हा तो कागद कोरा असायचा. माणसं पहाटेपासून रांगेत. पहिला माणूस बोट ठेवायचा, ते पेन्सिलीने चौकोनावर काट मारायचे आणि तिकिटाच्या मागे रांगेचं अक्षर आणि आकडा लिहायचे. “कोण कुठं बसणार हे मला तोंड बघून कळायचं,” ते म्हणाले. “म्हातारं जोडपं असेल तर कडेची दोन, मध्यंतराला उठायला सोपं. नवीन लग्न झालेलं असेल तर मागची मधली. एकटा माणूस आला, आणि दर रविवारी येणारा असला, तर त्याची खुर्ची मी राखून ठेवायचो. पैसे नंतर.” नाटक पडणार की चालणार हेही त्यांना पहिल्या दिवशीच्या कागदावरून कळे. पुढच्या चार रांगा भरल्या आणि बाल्कनी कोरी राहिली, तर निर्मात्याचे ओळखीचे लोक आलेत. बाल्कनी आधी भरली तर नाटक चालणार, कारण ती तिकिटं डोंबिवली-कल्याणहून गाडीने येणाऱ्या, खिशाचा हिशेब करणाऱ्या माणसांनी काढलेली असत. “ती माणसं फुकट यायची नाहीत. त्यांना नाटक आवडलं की आख्खा डबा घेऊन परत यायची,” हे सांगताना त्यांचा आवाज चढला.

प्रयोग लांबला की त्यांची घालमेल व्हायची ती याच प्रेक्षकांसाठी. तिसरी घंटा वेळेवर झाली नाही, तर शेवटचा अंक संपता संपता बाल्कनीतली माणसं शेवटच्या गाडीसाठी उठत. चांगल्या नटाला ते पाठमोरे प्रेक्षक दिसत आणि मग तो आत येऊन व्यवस्थापकावर चिडे. लोकल आणि रंगमंच यांचं हे नातं मी इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं. आता नाटकाची तिकिटं फोनवर निघतात. सोय मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. अंबरनाथहून फक्त रांगेसाठी पहाटे कुणी का यावं? पण निर्मात्याला तोंडावर “तुमचा दुसरा अंक लांबतोय, लोक बोलतायत” असं सांगणारा माणूस खिडकीत बसलेला असायचा. ती खबर आता त्याच्यापर्यंत कोण पोहोचवतं, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

स्टेशनजवळ छबिलदास शाळा आहे. १९७४ पासून तिच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकाचा संसार थाटला. अरविंद आणि सुलभा देशपांडे त्याच्या केंद्रस्थानी होते, आणि पुढच्या काळात मराठी रंगभूमी बदलणारी कितीतरी माणसं त्या साध्या शाळेच्या हॉलमधून बाहेर पडली. खाली गल्लीत बटाटेवड्याची कढई तेव्हाही होती, आजही आहे. खाण्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. १९१०पासूनचं मामा काणे, प्रकाशचा साबुदाणावडा आणि पीयूष, १९८६ साली सुरू झालेलं आणि मिसळीसाठी २०१५ साली लंडनमध्ये गौरवलं गेलेलं आस्वाद. वडा पावात घालायची कल्पनाही १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर निघाली असं सांगतात.

खंत आहे ती चालण्याची. प्लाझापासून कबुतरखान्यापर्यंत पदपथावरून सरळ चार पावलं टाकता येत नाहीत. फेरीवाल्यांचं पोट या रस्त्यावर आहे आणि स्वस्त खरेदीला येणारे आपणच आहोत, त्यामुळे दोष एकट्या त्यांना देणं मला पटत नाही. पण त्या आजी संध्याकाळी बाहेर पडायच्या बंद झाल्या आहेत, कारण त्यांना धक्का सोसत नाही. गोखले रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे कित्येक वर्षं उभे होते. २०२५च्या मे महिन्यात भुयारी मेट्रो दादरला आली, गर्दीला खाली एक वाट मिळाली. त्याच वर्षी दाणे टाकणं थांबवायला कबुतरखान्यावर ताडपत्री चढली. वरचा रस्ता पायी चालणाऱ्याला परत द्यायचा असेल तर ही वेळ आहे, आणि महापालिकेने ती दवडू नये.

निघताना बुकिंगवाल्या गृहस्थांना विचारलं, त्या कागदांचं काय झालं? प्रयोग संपला की दोन-चार दिवसांनी रद्दीत जायचे, ते म्हणाले. काही त्यांनी घरी नेले. गाजलेल्या नाटकांचे शंभरावे, पाचशेवे प्रयोग, सगळे चौकोन काट मारलेले. पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत, कडा पिवळ्या पडल्यात, मुलगा टाकून द्या म्हणतो. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय याच दादरला, पुलापलीकडे आहे. एखाद्या संस्थेने त्यांच्याकडे माणूस पाठवावा आणि ते कागद मागून घ्यावेत. गृहस्थ द्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे.