माप चुकलं तर...

उरणच्या रस्त्याला लागलं, की करळ फाट्याच्या आसपास कंटेनरच्या रांगा दिसायला लागतात. लाल, निळे, तपकिरी डबे, आणि त्यांच्या मागे कुठेतरी अडकलेली आपली एसटी! २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झालं, तेव्हापासून उरण-पनवेलच्या बायकांना या डब्यांची सवय झाली आहे. कुणाचा नवरा ट्रेलर चालवतो, कुणाचा मुलगा गोदामात आहे, कुणाची सून कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात जाते. या डब्यांत यंत्रं येतात, कापड येतं, खेळणी येतात. आणि एखाद्या डब्याच्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी आजोबांच्या मॉरिस मायनर गाडीच्या काचेभोवतीचं रबरही येतं.

रबराची एवढी काय ती किंमत, असं वाटेल. पण ते वेळेवर आलं नाही, किंवा चुकीचं आलं, तर त्या घरात काय होतं ते विचारा. गाडी पावसात उभी, मेकॅनिक तोंड फिरवून बसलेला आणि घरातली माणसं दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतायत. आजचा विषय हाच. छोटा दुकानदार चुकला, तर आपण धीर धरायचा का? आणि धरायचा तर किती?

घरातली जुनी गाडी

जुनी गाडी म्हटलं, की राजे-महाराजांच्या मोटारी डोळ्यांपुढे येतात. पण महाराष्ट्रातली खरी जुनी गाडी म्हणजे आपली फियाट. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीत ती तयार व्हायची. १९६४ साली 'डिलाइट' आली आणि १९७४ पासून तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सोफ्यासारखी सलग सीट. कितीतरी जणी त्या गाडीतून सासरी आल्या, कितीतरी बाळंतिणी त्याच गाडीतून बाळ घेऊन घरी आल्या. त्याआधीच्या गोलमटोल फियाटला तर लोक प्रेमानं 'डुक्कर फियाट' म्हणायचे!

२००० सालाच्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. तिकडे बंगालमध्ये बनणारी अँबेसेडर २०१४ मध्ये बंद झाली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाले होते तोवर पद्मिनीचे सुटे भाग भरपूर खपायचे, म्हणून दुकानदार ते ठेवायचे. आता गिऱ्हाईक म्हणजे हौसेनं किंवा आठवणीपोटी गाडी जपणारी घरं. कंपनी माल बनवत नाही, मोठ्या दुकानाला परवडत नाही. उरतो तो मुंबईच्या ऑपेरा हाउसच्या बाजारातला नाहीतर पुण्याच्या नाना पेठेतला एखादा लहान दुकानदार. तो स्वतः, हाताखाली एक पोरगा, एक जाडजूड वही आणि सतत वाजणारा फोन. कुठला भाग कुठल्या सालच्या गाडीला बसतो, हे त्याच्या डोक्यात असतं. कॉम्प्युटरमध्ये नसतं.

चूक होते कुठे?

आपण फोन करतो आणि सांगतो, "फियाटचं हँडल पाठवा." आता फियाट कुठली? सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट, की पद्मिनी? सुरुवातीच्या फियाटचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडायचे, पुढच्या गाड्यांचे सरळ. म्हणजे बिजागऱ्या निराळ्या. नाव तेच, भाग वेगळा! त्यात चाळीस-पन्नास वर्षांत गाडीवर किती मेकॅनिकांचे हात फिरलेले असतात. कुणी अडल्या वेळी दुसऱ्याच गाडीचा भाग ठोकून बसवलेला असतो. दुकानदारानं वही बघून बरोबर माल पाठवला, तरी आपल्या गाडीला तो बसत नाही. मग चूक कुणाची?

दुसरी गोष्ट रबराची. जुन्या दुकानांत कित्येक वर्षांपूर्वीचा न वापरलेला माल डब्यात पडून असतो. लोखंडी भाग असेल, तर तो नव्यासारखा निघतो. पण रबर न वापरताही म्हातारं होतं. कडक होतं, चिरतं. डबा कोरा, वरचं लेबल शाबूत, आणि आतला ब्रेकचा रबर कामातून गेलेला! दुकानदारालाही ते डबा फोडल्याशिवाय कळत नाही.

बंदरातला उशीर

परदेशी बनावटीच्या गाडीची तऱ्हा आणखी निराळी. मॉरिस मायनरचे भाग आजही इंग्लंडहून मिळतात. लहान दुकानदाराला एकट्यानं अख्खा कंटेनर परवडत नाही. तो पाच-सहा गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी गोळा करतो आणि एक खोकं पाठवायला सांगतो. ते खोकं इतर व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये भरलं जातं. न्हावा शेवाला जहाज लागलं, की कंटेनर बंदराबाहेरच्या गोदामात जातो. तिथे तो उघडून ज्याचा त्याचा माल वेगळा करतात. प्रत्येकानं आपापली कागदपत्रं भरायची, कस्टमनं तपासायची, शुल्क भरायचं, मग सुटका. बिलावर नुसतं 'मोटारीचे भाग' असं मोघम लिहिलं असेल, तर तपासणी लांबू शकते आणि गोदामाचं भाडं दिवसागणिक चढत जातं. शेजाऱ्याच्या मालावरून आख्खा कंटेनर अडवला गेला, तर सुक्याबरोबर ओलंही जळतं.

शिवाय जगात काही घडलं, की त्याची झळ थेट इथे पोचते. जून २०१७ मध्ये परदेशातून पसरलेल्या संगणक व्हायरसमुळे न्हावा शेवातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचं अजस्र जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं पडलं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि युरोपकडून येणारी कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. त्यात दहा-पंधरा दिवस सहज वाढले. आता हे सारं आपल्या दुकानदाराला कुठे ठाऊक होतं? त्यानं "महिन्यात येईल" असं सांगितलं, ते मागच्या अनुभवावरून.

पण एक मात्र त्याच्या हातात असतं. उशीर होतोय हे स्वतःहून कळवणं! बहुतेक भांडणं मालाच्या उशिरापेक्षा न उचललेल्या फोनमुळे होतात.

एका मैत्रिणीची गोष्ट

पेणजवळ राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे तिच्या वडिलांची पद्मिनी आहे. वडील गेले, भाऊ परदेशी. गाडी विकायला आईचा जीव होईना, म्हणून मुलीनं ती सांभाळली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. मुदत जवळ आली होती आणि ब्रेक गळत होते. तिनं मुंबईच्या एका दुकानदाराकडून व्हील सिलेंडर मागवले. पैसे आधीच दिले. पार्सल आलं, पण मापात बसेना.

घरात लगेच कोर्ट भरलं! नवरा म्हणाला, फसवलं त्यानं. दीर म्हणाला, सगळ्या ग्रुपवर त्याचं नाव टाक. ही शांतपणे मेकॅनिककडे गेली. जुना आणि नवा सिलेंडर शेजारी ठेवून मोजून घेतले, फोटो काढले, दुकानदाराला पाठवले आणि मग फोन केला. तो म्हणाला, "ताई, चूक माझीच. पण तुमच्या मापाचा माझ्याकडे नाही, शोधावा लागेल. आठ दिवस द्या."

तिनं आठ दिवस दिले. नवव्या दिवशी फोन नाही. दहाव्या दिवशी तिनंच फोन करून स्पष्ट सांगितलं, "दादा, मला तारीख सांगा, नाहीतर पैसे परत करा. दोन्हींपैकी एक आजच." त्यानं अर्धे पैसे त्याच दिवशी परत पाठवले आणि चार दिवसांनी बरोबर मापाचा माल आला. येण्याजाण्याचा कुरिअरचा खर्च त्यानं सोसला. पण तोवर आरटीओची मुदत टळून गेली होती. उशिराचा दंड हिला भरावा लागला.

म्हणजे धीर फुकट नसतो. त्याची किंमत हिनं रोख मोजली. मग मिळालं काय? पुढच्या वेळी त्याच दुकानदारानं आपणहून सांगितलं, "ताई, हे ब्रेकचं रबर जुन्या स्टॉकमधलं आहे, घेऊ नका. नवीन आलं की कळवतो." हातातलं गिऱ्हाईक सोडून त्यानं खरं सांगितलं. जुन्या गाडीला ब्रेकच दगा देणार असतील, तर या एका वाक्याची किंमत दंडापेक्षा मोठी आहे.

धीर कुणासाठी?

आपण भारतीय गिऱ्हाइकं तशी धीराची. आठवतंय ना, बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे! घरात मुलगी जन्मली की स्कूटर बुक करा, लग्नात जावयाला देता येईल, असा विनोद व्हायचा. तेव्हा मोठ्या कंपनीपुढे आपण निमूट थांबलो, कारण दुसरा इलाजच नव्हता. आता दहा मिनिटांत दारात दूध येतं, बटण दाबलं की नको असलेला ड्रेस परत जातो. तोच हिशेब आपण एकट्यानं दुकान चालवणाऱ्या माणसाला लावतो. मोठ्या कंपनीला एक पार्सल परत घेणं जड नसतं. या माणसाला मात्र परतीच्या कुरिअरमध्ये त्या विक्रीचा सगळा नफा घालवावा लागतो. आणि त्यानं कंटाळून दुकान बंद केलं, तर पद्मिनीचा भाग कुठलं ॲप आणून देणार?

पण म्हणून सगळंच पोटात घालायचं असंही नाही. चूक आणि लबाडी यांतला फरक ओळखता आला पाहिजे. चुकलेला माणूस फोन उचलतो, काय चुकलं ते बोलतो, तारीख देतो. लबाड माणूस दर वेळी नवं कारण देतो, बिल द्यायचं टाळतो आणि तुम्हालाच वेड्यात काढतो. चुकीला धीर द्यावा. लबाडीला एक दिवसही देऊ नये. आणि ब्रेक, स्टिअरिंग असा जिवाशी खेळ असेल, तर 'चालवून घेऊ' हा शब्दच नको. भाग बदलून मिळेपर्यंत गाडी घरातच उभी राहू दे.

यात आणखी एक बाजू आहे. आपल्यातल्या कितीजणी स्वतः छोट्या विक्रेत्या आहेत! कुणी ब्लाउज शिवते, कुणी दिवाळीचा फराळ करते, कुणाचा बचत गट पापड-मसाले विकतो. बाही अर्धा इंच तोकडी झाली, चकलीत मीठ जास्त पडलं, असं आपल्या हातूनही होतंच. तेव्हा गिऱ्हाइकानं गल्लीभर बोभाटा करण्याआधी आपल्याशी एकदा बोलावं, एवढीच आपली अपेक्षा असते. आणि आपणही त्या वेळी "तुमचंच माप चुकलं" असं न म्हणता, ब्लाउज हातात घेऊन उसवायला बसावं. दुकानदाराकडून आपण जे मागतो, ते आपल्या गिऱ्हाइकालाही द्यायला हवं.

हे लक्षात ठेवा

• ऑर्डर देताना गाडीचं साल आणि मॉडेल सांगा. जुन्या भागाचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून पाठवा. डावा की उजवा, हे लिहून कळवा.

• पार्सल आल्या दिवशीच उघडा. महिनाभर माळ्यावर ठेवून मग तक्रार केली, तर दुकानदाराला दोष देता येत नाही.

• बसत नसलेला भाग ठोकून, घासून बसवायला जाऊ नका. खराब झालेला भाग कुणी परत घेत नाही.

• बिल मागाच. बिल न देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं, हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी बघून सदोष मालावर पाणी सोडू नका.

• एकदा समजुतीनं बोला, दुसऱ्यांदा लेखी तारीख घ्या. तिसऱ्यांदा मात्र पैसे परत मागा.

• तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार दुकान मुंबईत असलं, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

• आणि दुकानदारानं चूक नीट निस्तरली, तर तेही चार जणींना सांगा. वाईट बातमी आपोआप पसरते, चांगली मात्र कुणीतरी सांगावी लागते.