फुटावर मोजलेले रंग

रमजानच्या महिन्यात तरावीह संपल्यावर बाजारपेठेतले फ्लेक्सचे दुकान खरे उघडते. सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकाची कार्डे, मशिदीच्या कमिटीचे बॅनर, कापड दुकानांचे सेल आणि शेवटच्या दहा दिवसांत ईदच्या शुभेच्छा देणाऱ्या प्रत्येक इच्छुकाचा फोटो. संगणकासमोर बसलेला पोरगा बहुधा कुणाचा पगारी नोकर नसतो. तो तीन दुकानांची कामे घेतो, चौथ्याचे फोनवर उरकतो. ‘साहेबांचा फोटो जरा मोठा करा’ म्हणून एकच बॅनर पाच वेळा बदलतो. पैसे चौरस फुटावर ठरतात आणि तेही छपाईचे. डिझाइनचे वेगळे कुणी देत नाही, ते त्यातच धरलेले असते. या पोराच्या पेनड्राइव्हमध्ये एक फोल्डर त्याच्या स्वतःच्या कामाचे असते. कुणी मराठी फॉन्ट आखत असतो, कुणी मुलांसाठी चित्रांची पुस्तिका, कुणी ईद-दिवाळीची ग्रीटिंग कार्डे. ते फोल्डर महिनोन् महिने उघडले जात नाही.

चौरस फुटाचा हा हिशोब नवा नाही. नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत पंढरपूरचा एक तरुण याच मापाने जगत होता. त्याचे नाव मकबूल फिदा हुसेन.

हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपुरात झाला. आई फार लवकर गेली, वडिलांनी बिऱ्हाड इंदूरला हलवले. चित्रकलेचे पहिले धडे तिथलेच. इंदूरच्याच ना. श्री. बेंद्रे यांची नजर या मुलाच्या चित्रांवर पडली होती, असे हुसेन पुढे आवर्जून सांगत. मुंबईत आल्यावर मात्र हातात ना पदवी होती, ना ओळख. तेव्हा त्यांनी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायला घेतली. दर होता चौरस फुटाला चार ते सहा आणे. सहा फूट बाय दहा फुटांचे कापड रंगवले तर भरतात साठ फूट. चार आण्यांनी त्याचे पंधरा रुपये होतात. ऐकायला रक्कम बरी वाटते, पण काम एकट्याचे नसे आणि पैसे हातात पडतीलच याची खात्री नसे. ‘न्यू थिएटर्स’चे वितरक सोडले तर इतरांनी पैसेच दिले नाहीत, अशी आठवण हुसेन यांनीच सांगून ठेवली आहे. ‘ईदनंतर या, बघू’ हे वाक्य ऐकलेल्या कुणालाही ती नवी वाटणार नाही.

याच आठवणीत पुढे ते आणखी एक गोष्ट सांगतात, ती या सगळ्यात महत्त्वाची. थोडेसे पैसे जमले की ते मुंबई सोडून सुरत, बडोदा, अहमदाबादकडे निघून जात आणि तिथे निसर्गचित्रे काढत. पुढचे काम मिळवण्यासाठी नव्हे, आणि भरपूर शिल्लक साठल्यावरही नव्हे. थोडे जमले की लगेच. आज वेळेच्या नियोजनावर शेकड्यांनी व्हिडिओ निघतात. पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती अशी घड्याळे लावतात. त्यांचा उपयोग नाही असे नाही, पण ती घड्याळे गिऱ्हाइकाचेच काम लवकर उरकून देतात आणि मोकळ्या झालेल्या तासात पुढचे गिऱ्हाईक येऊन बसते. हुसेन यांनी मिनिटे वाचवली नाहीत, अख्खे दिवस बाजूला काढले. शिवाय ते गावाबाहेर काढले, म्हणजे कुणी हाक मारली तरी ऐकू येऊ नये.

अर्थात हे एकट्या माणसाला जमते. १९४१ साली फजिला बीबींशी लग्न झाले आणि सुरतेच्या वाऱ्या परवडेनाशा झाल्या. त्याच सुमारास त्यांनी लहान मुलांचे फर्निचर आणि खेळणी बनवणाऱ्या ठिकाणी काम धरले. आपल्याला सर्वांत चांगले पैसे देणाऱ्या कामांपैकी हे एक होते, असे ते म्हणत. बारीक करवतीने लाकडाची फळी कापून आकार काढायचा आणि तो भडक, सपाट रंगांनी रंगवायचा. ती लाकडी खेळणी आज संग्राहक जपून ठेवतात. तेव्हा ती पाळण्याशेजारी पडून झिजत होती.

कलावंताने नोकरी धरली की कला मेली, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हुसेन यांच्या बाबतीत ते खरे ठरले नाही. खेळण्यासाठी आकार सोपा करावा लागतो. बाहेरची रेघ एकदाच आणि ठाम मारावी लागते, कारण करवत मागे फिरत नाही. होर्डिंगने त्यांना मोठा हात दिला आणि खेळण्याने कमी रेषांत आकृती उभी करायला शिकवले. १९५५ साली ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात गौरवलेले ‘जमीन’ हे त्यांचे चित्र सुमारे अठरा फूट लांब आहे. एकेका चौकटीत बैल, माणसे, चाक अशा आकृत्या मांडलेल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ते पाहताना पोटापाण्याची दोन्ही कामे त्यात शेजारी शेजारी दिसतात.

पण आधी नोकरी सुटावी लागली. १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांनी ‘सुनहरा संसार’ हे चित्र ठेवले. ते नावाजले गेले. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी त्यांना आपल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये घेतले. रझा, आरा, गाडे, बाकरे हे तिथले सोबती. वयाची तिशी उलटलेली, घरात पोरेबाळे, आणि अशा वेळी ठरलेली कमाई सोडून फक्त चित्रांवर जगायचे ठरले. या निर्णयाची गोष्ट नेहमी हुसेन यांच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. महिन्याचे रेशन कुणी जुळवले, याचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. फजिला बीबींनी नकार दिला असता तर कदाचित आज आपल्याकडे उत्तम लाकडी खेळणी करणारा एक विसरलेला कारागीर असता. पुढची कीर्ती, वाद आणि २०११ साली लंडनमध्ये आलेला मृत्यू ही सारी वेगळी कहाणी आहे.

फ्लेक्सच्या दुकानातल्या पोराला हे सारे सांगितले तर तो हसेल. त्याच्या हातात ब्रश नाही, माउस आहे. सुरतेला जायचे तर मोटारसायकलच्या हप्त्याचे काय, असे तो विचारेल, आणि प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच्या धंद्याची एक गोष्ट त्यालाही ठाऊक आहे. चाँदरातीला पहाटेपर्यंत मशीन चालते, शेवटचे बॅनर ओल्या शाईनिशी चौकात जातात. नमाज होते, शीरखुर्मा होतो. आणि मग आठ-दहा दिवस दुकानात कुणी फिरकत नाही. मशीनवर कापड टाकलेले असते आणि संगणक मोकळा.

गेल्या वर्षी ते दिवस जुनी उधारी मागत फिरण्यात गेले. यंदा ईद कधी, ते चंद्र ठरवील. त्यानंतरचे आठ दिवस मात्र आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवता येतील.