सायकलवाल्याचा मुक्काम आणि कोयत्याचा खाडा



आपलं वडीगोद्री धुळे–सोलापूर रस्त्यावरचं गाव. अंबडकडून जालन्याचा रस्ता इथंच येऊन मिळतो. येणारा-जाणारा चहापुरता टेकतो आणि शहागडला गोदावरी ओलांडून बीडकडं निघून जातो. म्हणून गेल्या हंगामात सायकलवाले एक पाहुणे आमच्याकडं दोन रात्री राहिले, त्याचं सगळ्यांना नवल वाटलं. साठीचे गृहस्थ, धुळ्याहून कन्याकुमारीला निघालेले. मधला सबंध दिवस त्यांना विश्रांतीला हवा होता.

सकाळी त्यांनी कपडे धुतले. सायकल उलटी करून साखळीला तेल घातलं, ब्रेकचे रबर पाहिले, चाकाच्या तारा चाचपल्या. मग जेवून जे झोपले ते चार वाजेपर्यंत. उठल्यावर शेजारच्या आजींनी विचारलंच, "पाव्हणं, धडधाकट दिसता. मग आज खाडा काहून केला?"

पाहुणे हसले. "आजी, हा खाडा नाही. पाच-सहा दिवसांनी एक दिवस थांबलं नाही, तर मांड्या भरून येतात, बोटं बधिर होतात, बसायची जागा सोलवटते. थांबलेला दिवसही प्रवासातच धरायचा." मग त्यांनी बाबा आमट्यांच्या 'भारत जोडो' यात्रेची गोष्ट सांगितली. डिसेंबर १९८५ मध्ये सत्तरी ओलांडलेले बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडं निघाले. मणक्याच्या दुखण्यानं त्यांना बसवत नसे, म्हणून ते गाडीत पडून आणि सोबतची तरुण पोरं-पोरी सायकलवर.

आजी ऐकत होत्या. उमेदीची वर्षं त्यांनी ऊस तोडला. एवढंच म्हणाल्या, "आमचा थांबलेला दिवस कुणी धरला न्हाई बाबा. कापलाच."

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. दिवस चुकला की खाडा लागतो आणि तो हिशेबात चढतो. मग ताप असो, पाळी असो की लेकरू आजारी असो. २०१९ साली शासनाच्या समितीनं शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीमुळं खाडा पडू नये, हेही त्यामागचं एक कारण म्हणून पुढं आलं.

तुटलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, उतारा घटतो, हे आपण जाणतो. गाळप थांबवा असं कोणी म्हणत नाही. पण टोळीत आळीपाळीनं एकेका कोयत्याला सुट्टी देता येते. आजारी बाईचा खाडा धरू नका, असं मुकादमाला सांगता येतं. फड आपला आहे. आपला शब्द तो ऐकतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी आपण न चुकता करतो. माणसाच्या खांद्याचा विचार त्याआधी व्हायला हवा.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाहुणे निघाले. आजींनी गुळाचा खडा आणि शेंगदाणे बांधून दिले. हंगामाआधीच्या सभेत हा विषय कोणीतरी काढावा, एवढीच विनंती. कोणी काढला नाही, तर मी काढीन.