विश्लेषण : एक वाहिनी बंद पडते आणि निम्मा देश अंधारात! असे का होते?

नायगावमधील घराघरांत येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांच्या तालाने येते. त्याच क्षणी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात आणि कोयनेच्या जलविद्युत केंद्रातही हाच ताल असतो, कारण देशभरातील जनित्रे एकाच ग्रिडला जोडलेली आहेत. एकाला धक्का बसला की तो थोडाफार सर्वांनाच जाणवतो. विज्ञानात अशा रचनेला ‘जोडलेली अरेषीय दोलके’ म्हणतात. ती ऊर्जा वाटून घेतात, पण कधी कधी त्यांचा ताल पूर्ण बिघडतो.

ऊर्जेची वाटणी घरी कशी पाहता येईल?

दोन खुर्च्यांमध्ये दोरी ताणून बांधा. तिच्यावर सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी सारखे पाणी भरलेल्या दोन बाटल्या टांगा. एकीला पुढे-मागे झोका द्या, दुसरीला हात लावू नका. थोड्या वेळाने पहिली जवळजवळ थांबते आणि दुसरी झुलू लागते. मग ऊर्जा पुन्हा पहिलीकडे परतते. झोके लहान असतात तोवर ही देवाणघेवाण घड्याळासारखी चालते.

मग ‘केऑस’ कुठून येतो?

झोका मोठा झाला की साधे गणित पुरत नाही. अरेषीय म्हणजे कारण दुप्पट केले तर परिणाम दुप्पट होईलच असे नाही. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लॉ उलम यांनी अमेरिकेतील लॉस अलामोस येथे अशा दोलकांची साखळी संगणकावर तपासली. त्यासाठीचा प्रोग्रॅम मेरी सिंगू यांनी लिहिला. ऊर्जा सर्वत्र समान पसरेल अशी अपेक्षा होती. मात्र ती बहुतांशी मूळ जागी परतली. हा अहवाल १९५५ चा आहे. पुढे १९६४ मध्ये मिशेल एनो आणि कार्ल हाइल्स यांनी दाखवले, की कमी ऊर्जेला शिस्तीत चालणारी रचना ऊर्जा वाढवताच केऑसमध्ये जाते. म्हणजे सुरुवातीच्या अगदी किंचित फरकाने पुढचे सगळे चित्र बदलते.

वीज ग्रिडशी याचा संबंध काय?

दोन जनित्रांमधील वाहिनी रबरासारखी असते. एक जनित्र थोडे पुढे गेले की वाहिनी त्याला मागे ओढते. फरक इतकाच, की कोनातील अंतर ९० अंशांपलीकडे गेले की ही ओढ वाढण्याऐवजी कमी होते आणि ताल तुटतो. १९८२ मध्ये नॅन्सी कोपेल आणि रॉबर्ट वॉशबर्न यांनी जनित्रांच्या छोट्याशा गणिती प्रारूपातही केऑस असू शकतो, हे सिद्ध केले.

जुलै २०१२ मध्ये काय घडले?

पश्चिमेकडून उत्तरेकडे मोठ्या प्रमाणावर वीज जात होती. ३० जुलैला पहाटे अडीचच्या सुमारास बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही वाहिनी बंद पडली. वीज पूर्वेकडून वळसा घेऊन उत्तरेला जाऊ लागली, कोनातील अंतर वाढले, हेलकावे सुरू झाले आणि उत्तर ग्रिड कोसळला. ३१ जुलैला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही ग्रिड बंद पडले. सुमारे ६० कोटी लोकांना फटका बसला. पश्चिम ग्रिड वेळीच वेगळा झाल्याने महाराष्ट्र मात्र वाचला. हा बिघाड म्हणजे काटेकोर अर्थाने केऑस नव्हे, पण त्यामागचे अरेषीय गणित तेच आहे.

मग ग्रिड जोडायचेच कशाला?

कारण एका भागातील तुटवडा दुसरा भाग भरून काढतो. म्हणूनच ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण ग्रिडही जोडला गेला आणि देशाचा ताल एक झाला. संकटात शहराला वेगळे काढणारी ‘आयलँडिंग’ यंत्रणा हा त्यावरचा उपाय. पण तीही हमखास नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची ही यंत्रणा टिकली नाही आणि लोकलही थांबल्या.

पुढे काय?

औष्णिक केंद्रातील जड फिरते चाक धक्के शोषून घेते. सौर पॅनेलमध्ये असे चाक नसते. सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढत असताना हे जडत्व कुठून आणायचे, हा ग्रिडसमोरचा आजचा मोठा प्रश्न आहे. मोठ्या बॅटऱ्या आणि वेगाने प्रतिसाद देणारे इन्व्हर्टर हा त्यावरचा एक मार्ग मानला जातो.