कॅप की व्हिनियर? आधी दात पाहा

लग्नसराई जवळ आली की दातांच्या डॉक्टरांकडे एक फर्माईश हमखास येते: "पुढच्या सहा दातांना पांढऱ्या कॅप घालून टाका." पनवेलही त्याला अपवाद नाही.

गैरसमज: कॅप आणि व्हिनियर सारखेच, फरक फक्त पैशांचा.

वस्तुस्थिती: फरक आहे तो दात किती तासायचा याचा. व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेली पातळ पापडी. त्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर थर काढतात, कधी तेवढाही नाही. कॅप दाताला चहूबाजूंनी झाकते. तिच्यासाठी दात सगळीकडून एक ते दोन मिलिमीटर तासावा लागतो. उरतो तो खुंट. काढलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. म्हणून नुसत्या रंगासाठी धडधाकट दातावर कॅप चढवणं मला तरी उधळपट्टी वाटते, पैशांची नव्हे, दाताची. रंग मिश्रीचा किंवा चहाचा असेल तर आधी दात साफ करून घ्या. कदाचित पुढचं काही लागणारच नाही.

गैरसमज: रूट कॅनल झालं की कॅप हवीच.

वस्तुस्थिती: दाढेला बहुधा हवीच. पोखरलेली दाढ चावताना उभी चिरते आणि मग काढावीच लागते. तिथे व्हिनियर कामाचं नाही. पुढचा दात मात्र फारसा किडलेला नसेल, तर नुसत्या फिलिंगवरही भागतं.

गैरसमज: कॅपखालचा दात किडत नाही, शिवाय वॉरंटी कार्ड मिळतं.

वस्तुस्थिती: कॅपची कड हिरडीपाशी जिथे संपते, तिथे अन्न अडकतं आणि कीड आत शिरते. कार्डावरची वर्षं कॅपच्या झिरकोनियाची, तुमच्या दाताची नव्हेत.

गैरसमज: व्हिनियर लावलं की सुटलो.

वस्तुस्थिती: 1928च्या सुमारास दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी हॉलिवूडच्या नटांसाठी ही युक्ती काढली, ती चित्रीकरणापुरती, नंतर पापड्या काढून ठेवत. आजचं व्हिनियर कायमचं चिकटवतात, पण तेही काही वर्षांनी बदलावं लागतं. झोपेत दात खायची सवय असेल, तर आधी ती डॉक्टरांना सांगा.

दुसरं मत हवं असेल तर पनवेलकरांना फार लांब जायला नको. कामोठे आणि खारघर, दोन्हीकडे दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. होकार देण्याआधी एवढंच विचारा: माझा दात किती तासणार, आणि का?