भाऊराव कोल्हटकर : नाद लोपलेल्या गायकीचा पुरावा

भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये निवर्तले आणि कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रणास १९०२ साली आरंभ केला. या थोड्याशा अंतरामुळे मराठी संगीत रंगभूमीच्या पहिल्या पर्वातील सर्वांत गाजलेला आवाज अभ्यासकाला कायमचा पारखा झाला.

अशी हानी एकट्या मराठीची नव्हे. लिमरिक येथे १८१८ साली जन्मलेली व मिलानच्या रंगमंचावर कीर्ती मिळविलेली आयरिश ऑपेरा-गायिका कॅथरिन हेज हीसुद्धा १८६१ मध्ये, ध्वनिमुद्रणापूर्वीच, कालवश झाली. तथापि ती गायिली ती संगीतरचना स्वरलिपीत उपलब्ध आहे. कंठ गेला तरी स्वर कागदावर उरले. मराठी नाट्यपदांच्या माथ्यावर मात्र बहुधा दुसऱ्या एखाद्या गीताच्या आरंभीच्या शब्दांनी ‘चाल’ तेवढी सुचविलेली असते. ते मूळ गीतच विस्मृतीत गेले, तर ही खूण मुकी होते.

म्हणून भाऊरावांच्या बाबतीत भूमिकांचा क्रम हाच अधिक भरवशाचा पुरावा मानावा लागतो. १८८० च्या ‘शाकुंतला’च्या पहिल्या प्रयोगात शकुंतला शंकरराव मुजुमदारांची होती, गायनाची भिस्त मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर यांच्यावर होती. बडोद्याचे भाऊराव पुढे मंडळीत आले आणि १८८२ च्या ‘सौभद्रा’त सुभद्रा झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी या नाटकात कीर्तन, लावणी, कानडी पदे, बायकांची गाणी अशा नाना ठिकाणच्या चाली घेतल्या. नायिकेच्या रुसव्याला व विरहाला येथे पदांतून जो विस्तार लाभला, तो असा गळा हाताशी असल्यावाचून लाभता ना, असे अनुमान काढावयास हरकत नाही. नाटककाराने नटाला घडविले, असे आपण सहज म्हणतो. येथे नटाच्या कंठानेही नाटककाराच्या लेखणीला वळण दिलेले दिसते.

किर्लोस्कर १८८५ मध्ये वारले, पण मंडळी टिकली. त्या टिकण्यात भाऊरावांच्या लोकप्रियतेचा वाटा फार मोठा होता. देवलांच्या ‘मृच्छकटिका’तील वसंतसेना त्यांनी गाजविली. वय वाढल्यावर ते पुरुषभूमिकांकडे वळले व १८९९ च्या ‘शारदे’त कोदंड म्हणून उभे राहिले. स्त्रीभूमिकेसाठी पारखला गेलेला तो उंच, धारदार आवाज पुरुषपात्राच्या मुखीही प्रेक्षकांनी स्वीकारला. म्हणजे रूपाचा मोह ओसरल्यावरही गायन आपल्याच बळावर उभे होते.