खोलींतील हवेचा हिशेब

खिडकी ठेवली कीं खोली हवेशीर झाली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु हवा कोठून येते व कोठून जाते, हें पाहिल्यावांचून तो व्यर्थ होय. हा हिशेब आतां संगणक करितो. खोलीचे हजारों लहान घन भाग कल्पून प्रत्येकांतील हवेची गति, दाब व उष्णता तो काढितो. डेन्मार्कमधील पीटर नील्सन यांनीं १९७४ सालीं ही रीत खोलीच्या हवेस लावून दाखविली.

जानेवारी २०२० मध्यें चीनमधील ग्वांगझू येथील एका उपाहारगृहांत जेवलेल्या, शेजारच्या तीन मेजांवरील १० जणांस कोरोनाची बाधा आढळली. पुढें संशोधकांनीं मोजणी व संगणकीय गणित करून दाखविलें कीं, गारव्याचें यंत्र त्या मेजांभोंवतीं तीच ती हवा फिरवीत होतें. हवा बाहेर टाकणारे पंखे बंद होते. गारवा होता, ताजी हवा नव्हती.

शेतकरी बंधूंनीं घर वा गोठा बांधतांना वाऱ्याच्या बाजूस खालीं वाट ठेवावी. समोरच्या भिंतींत उंचावर दुसरी ठेवावी, कारण ऊन हवा वर चढते. मोठ्या बांधकामाचा नकाशा आधीं संगणकावर तपासून घ्यावा. भिंत फोडण्यापेक्षां नकाशावरील रेघ पुसणें केव्हांही स्वस्त.